वजन भरलेली मुलं

२००३ सालची दिवाळी सरली आणि एका दुपारी डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून निरोप आला. तिथे खिचडी शिजवणाऱ्या बाईजाने जीपवाल्याकडून कळवलं होतं : हिरीची भिमी डोळे उघडत नाय.

अनिता लगेच त्याच जीपने निघाली. शहापूरच्या ज्या संस्थेत ती काम करायची, ती पाड्यांवरच्या मुलांना खिचडी द्यायची. खिचडी खाणाऱ्यांची वजनं वाढली आणि वजन वाढलेली मुलं तापातून वाचली. खिचडीने वजन, वजनाने जीव, असा अर्थ अनितानेच लावला होता. त्यावरूनच ठरलं, की वजन भरलेल्या मुलांच्या घरी नर्सने फेरी मारायला नको. भिमीचं वजन तर छान भरलं होतं.

साधा ताप असेल, असं ती जीपमध्ये मनाला बजावत राहिली.

भिमी ओटीवर गोधडीत पडली होती. गाल अजून गुबगुबीत, पण अंग भाजत होतं. तिचा म्हातारा आजा बारकू चाचपत चाचपत तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता.

"हिरी कुठंय, बाबा?"

"वीटभट्टीवर गेली. दिवाळी झाली का जातातच."

"मग लवकर का नाही कळवलंत?"

"आमाला वाटलं, नर्सबाई येल. हिची आय असती तं पयल्याच तापात खाकोटीला मारून दवाखान्यात नेली असती. मना वाट दिसत नाय, बाई."

अनिताने पोरीला उचललं. जीप उताराला लागली, तसं बारकूचं बोलणं तिच्या डोक्यात फिरू लागलं. आई घरी असली की पोराच्या पोटात घास जातो, आणि ताप आला की तीच त्याला घेऊन धावते. वजनामागेही आई होती, जिवामागेही आईच. घरी कोण असतं, हे अनिताने एकाही दारात विचारलं नव्हतं. आईचं सगळं श्रेय तिने वजनाला देऊन टाकलं होतं. आता भट्ट्या पेटल्या होत्या, आया तिकडे गेल्या होत्या. मागे राहिलेली बाकीची पोरं?

दवाखान्यात सलाइन चढलं, भिमीने पाणी मागितलं. तेवढं पाहून अनिता तशीच माघारी पाड्यांकडे फिरली. पहिल्या पाड्यावर पोरं अंगणात खेळत होती.

पुढच्या पाड्यावर नवसूच्या दारात माणसं बसली होती. त्याचं वजन भरलेलं पोरगं सकाळीच तापाने गेलं होतं. बायकोला भट्टीवरून आणायला माणूस धाडला होता, ती अजून पोचायची होती. अनिता त्यांच्यात जाऊन खाली बसली.