ऑर्गनखालचे शब्द

आमच्या राजचॅपलमध्ये रोज सकाळी नऊ वाजता राणी डोन्या एल्विराच्या आत्म्यासाठी मिसा, म्हणजे आमची ख्रिस्ती उपासना, होते, तीही गाऊन. राणीला जाऊन साडेचारशे वर्षं झाली. जग असेपर्यंत मिसा चालू ठेवा, असं तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं आणि जग काही संपायचं नाव घेत नाही. चार पाद्री, तीन गायक, एक ऑर्गनवादक. ऐकायला समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या, त्यांतली एक ठार बहिरी.

चारांतला सगळ्यात धाकटा पाद्री मी, म्हणजे एकसष्ट वर्षांचा. माझं काम सांगितलं तर हसाल. ग्लोरियाचं स्तोत्र आमच्याकडे वाटून घेतलेलं आहे. एक कडवं गायक गातात, पुढचं ऑर्गन नुसतं वाजवतो, मग पुन्हा गायक. पण ऑर्गनला शब्द कुठले? आणि शब्द सुटले तर मिसा अपुरी. म्हणून ऑर्गन वाजत असताना एका पाद्र्याने त्या कडव्याचे शब्द तोंडाने म्हणायचे. तो पाद्री मी. माझी जागा राणीच्या थडग्याला लागून आहे, आणि त्या दणक्यात माझं बोलणं मलाही ऐकू येत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा ओळ चुकलो. ‘माफ करा, राणीसाहेब,’ म्हणालो. कुणाची मानसुद्धा वळली नाही. दुसऱ्या दिवशी कडवं भरभर उरकून तिला थंडीचं सांगितलं. मग गुडघ्याचं. मग माझ्या घरमालकिणीचं, जी दारावर टकटक करून ताट उंबऱ्यावर ठेवते आणि मी दार उघडायच्या आत पसार होते. हळूहळू कडवंच सुटलं, नुसत्या गप्पा राहिल्या. एकोणीस वर्षं! दिवसभरात माझ्या तोंडून माझं असं जे काही निघायचं, ते तेवढंच. पाप होतं हे मला कळत होतं, आणि पापनिवेदनात मी ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोडावं लागलं असतं.

मे महिन्याच्या बारा तारखेला, ग्लोरियाच्या मधोमध वीज गेली. ऑर्गनच्या विजेवर चालणाऱ्या भात्यातला वारा संपला, तो एकदा कण्हला आणि बंद पडला. आणि सगळ्या चॅपलमध्ये माझा आवाज घुमला:

“...काल माझ्या नावाच्या संताचा दिवस होता, राणीसाहेब, आणि दिवसभरात मला कुणी नावाने हाक मारली नाही.”

जाड्या गायक तोरिबिओ फिस्सकन हसला. बहिरी म्हातारी शेजारणीला विचारू लागली, “काय झालं गं? काय झालं?” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मिसा संपल्यावर मुख्य पाद्री डॉन सातुर्निनोंनी मला आतल्या खोलीत घेतलं. “किती दिवस चाललंय हे?”

“एकोणीस वर्षं.”

त्यांनी खुर्ची धरली. “अहो, एकोणीस वर्षांच्या मिसांना भोकं पाडलीत तुम्ही! बिचारी राणी अजून शुद्धिस्थळात, स्वर्गाच्या दाराबाहेर ताटकळत असेल, तर कुणामुळे?”

“तिने तक्रार केली नाही कधी.”

“जीभ आवरा! त्या जिभेनेच घात केलाय. आता वेदीवर हात ठेवून वचन द्या. ऑर्गनचं कडवं वाजताना कडव्याचेच शब्द, एक शब्द इकडे की तिकडे नाही. जमत नसेल तर सामोरा गावी म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात खाट रिकामी आहे.”

मी वचन दिलं. आश्रमाची भीती नव्हती मला. उद्यापासून बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी ग्लोरिया सुरू झाला. पहिलं कडवं गायकांनी म्हटलं, आणि ऑर्गन सुरू झाला. मी लॅटिन शब्द एकेक करून म्हटले, शाळेतल्यासारखे. संपले. ऑर्गनही संपायला हवा होता. एरवी एक कडवं म्हणजे एक ‘हे आमच्या बापा’ प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ. पण तो थांबेना. उलट चढत गेला. गौदेन्सिओने होते नव्हते ते सगळे सूर उघडले होते, बाक थरथरत होते. तोरिबिओ श्वास भरून तोंड उघडं ठेवून बसला होता आणि लाल होत चालला होता. डॉन सातुर्निनो वेदीपाशी चुळबुळत होते.

गौदेन्सिओ आमचा ऑर्गनवादक. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. स्वतःच्या जिन्याने वर चढतो, त्याच जिन्याने उतरून निघून जातो. इतक्या वर्षांत ‘शुभ प्रभात’च्या पुढे आमची गाडी कधी सरकली नव्हती, आणि त्यात माझाही दोष होताच.

तो मला बोलायला आडोसा करून देत होता. हे कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले. कडवं म्हणून झालं होतं, म्हणजे वचन पाळून झालं होतं. आता खुशाल बोलावं. मी राणीकडे पाहिलं. संगमरवराचे मिटलेले डोळे. काही सुचेना. मग वर पाहिलं. वादकाला पाठीमागची वेदी दिसावी म्हणून ऑर्गनवर एक छोटा आरसा टांगलेला असतो. त्या आरशातून गौदेन्सिओ माझ्याकडे बघत होता.

“रविवारी माझ्याकडे जेवायला या,” मी आरशाला म्हणालो. दणक्यात ते कुठल्या कुठे गेलं. मी गप्प झाल्यावर त्याने थांबवलं.

मिसा झाली, सगळे पांगले. मी त्याच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. तो हळूहळू उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला. मी बोलू लागलो, राणीशी बोलायचो तसाच. सगळं सांगितलं, रविवारचं, जेवणाचं. त्याने कपाळाला आठी घातली, कान पुढे केला.

“मोठ्याने बोला, पाद्रीबाबा,” तो म्हणाला. “तुमचे नुसते ओठ हलतायत.”