थांबायची खूण

बांधावरच्या मारामारीत दुर्गाबाईनं पुतण्याच्या कानाचा लचका तोडला, तेव्हा धावडा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. त्या पुतण्यानं, कल्याणनं, तिच्या मिरचीच्या पाण्याचा पाइप कुऱ्हाडीनं तोडला होता. तिचे मालक रामराव आडवे गेले, तर त्यानं सख्ख्या चुलत्याच्या छातीत बुक्की घातली. रामराव मातीत बसले ते उठेचनात.

"काकू, काका आधीच छाती धरून बसत व्हते," मानेवरचं रगत पुसत कल्याण म्हणाला. "मी मारलं ते नंतर."

"खोटं बोलायचं बापानं शिकवलं, का पोटातूनच शिकून आलास?" दुर्गाबाई तोंडातलं रगत थुंकली.

मुका मार म्हणून घरी रोज छाती शेकली. गरम विटेनं कातडी पोळली, पण गोठ्यापर्यंत चाललं की रामरावांच्या छातीवर जातं ठेवल्यागत व्हायचं. बसलं की बरं. शेवटी जालन्याच्या डॉक्टरनं थॅलियमचा स्कॅन सांगितला. शिरेतून किरणांचं औषध सोडायचं, ते रक्ताबरोबर हृदयात जातं, आणि कुठं रक्त पोचत नाही ते फोटोत दिसतं.

दुर्गाबाईला तेच पाहिजे होतं. फोटोत बुक्की उमटणार. निघताना तिनं थोरल्या लेकाला, अंगदला बजावलं, "कल्याणच्या विहिरीपाशी दबून बस. बुक्कीनंच काळीज बिघडलं असं निघालं तर मी रिंग देते. उचलायचं न्हाई. उद्या पोलिसानं इचारलं तर आपलं बोलणंच झालं न्हाई. रिंग आली की त्याचे हात मोड. बुक्की मारलेला आधी."

अंगदनं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. आईच्या शब्दाबाहेर जाईल असा तिनं तो वाढवलाच नव्हता.

दवाखान्यात दोनदा फोटो काढले, एकदा आरामात आणि एकदा फिरत्या पट्ट्यावर चालवून. पट्टा वेगात आला तसे रामराव घामानं निथळले, ओठ काळे पडले. दुर्गाबाईनं दार ढकलून पट्टा चालवणाऱ्याची गचांडी धरली. "बंद कर. म्हाताऱ्याला जित्ता मारून राह्यलास का?"

संध्याकाळी डॉक्टरनं दोन्ही फोटो दाखवले. "मावशी, आरामात हा भाग उजळ आहे. चालवलं की काळा पडतो. रक्ताची नळी आतून अरुंद झाली आहे. हे काही वर्षांचं दुखणं आहे. आता नळीत रंग सोडून बघू, मग ती उघडता येईल."

"आणि बुक्की?"

"बुक्कीचा काही संबंध नाही."

बाहेर रामराव एकटेच लांबच्या बाकड्यावर होते. अंगात औषध असेपर्यंत लेकराबाळांपासून दूर बसायला सांगितलं होतं. "दिवाळीपासून दुखून राह्यलंय," ते खाली बघत म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर कामचोर म्हणली असतीस."

"म्हणलेच असते," दुर्गाबाई म्हणाली, आणि तिला विहीर आठवली. अंगद सकाळपासून दांडा घेऊन बसला होता. बापाच्या काळजीनं पोरगं आधीच पेटलेलं, वाट बघून बघून उठलं तर? तिनं घाईनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "उचल की रे मुडद्या." आणखी एकदा लावला.

"त्याला काय सांगून आल्तीस?" रामरावांनी विचारलं.

दुर्गाबाईचा अंगठा जागीच थांबला. मारायची खूण तिनं ठरवली होती. थांबायची ठरवलीच नव्हती. दिलेला हुकूम माघारी घ्यायची तिला आजवर कधी गरज पडली नव्हती.

हातातला फोन थरथरला. पलीकडे अंगद धापा टाकत होता. मागं कुणीतरी गुरासारखं हंबरत होतं, मधूनच "काकू" म्हणत होतं.

"आई, दोन्ही हात मोडले. तू वाजवतच राह्यलीस, मंग पायबी मोडला. आता बास का?"

दुर्गाबाईच्या जिभेवर त्या दिवशीची रगताची चव आली.

"बास," ती म्हणाली. "बास, बाबा."

मघापासून तिला एवढंच सांगायचं होतं.