खिडकीत सापडलेला चतुर

डबा म्हणू नका मला, मित्रांनो. डब्यात काय, कुणीही काहीही कोंबतं. मी पेटी आहे, कीटकांची पेटी. वर काचेचं झाकण आहे, आणि चारही कोपरे एकमेकांत असे बसवलेत की खिळा म्हणून शोधून सापडायचा नाही. आता वय झालंय, पॉलिश उडालंय, एका बाजूला शाईचा डाग पडलाय. पण ऐट गेलेली नाही, निदान बोलण्यातली तरी.

मला एका सुताराने घडवलं. त्याची बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सगळी शाळा तिला 'बाई' म्हणायची, म्हणून घरात चेष्टेने तोही 'बाई'च म्हणायचा. बाईंनी गोळा केलेले कीटक तेव्हा बुटांच्या खोक्यात पडलेले असायचे. ते बघून एके दिवशी तो म्हणाला, "काय हे बाई! मेल्यावर तरी बिचाऱ्यांना नीट घर द्या." आणि तीन दिवस सुट्टी काढून त्याने मला उभं केलं. टाचणी सहज रुतावी म्हणून तळाला बुचाचा थर दिला. मुंगीसुद्धा आत शिरू नये म्हणून झाकणाला आतून मखमलीची पट्टी चिकटवली.

मग शाळेत माझं राज्य सुरू झालं. नाकतोडा, मधमाशी, भुंगेरा, फुलपाखरू, सगळे आपापल्या टाचणीवर, खाली आपापल्या नावाची चिठ्ठी. बाई पट्टीने दाखवायच्या आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "डोकं, वक्ष, उदर!" वक्ष म्हणजे छाती, उदर म्हणजे पोट. पाय सहा, सगळे छातीला जोडलेले. डोक्यावर शृंगिका, म्हणजे आपल्या साध्या भाषेत मिशा. एकदा एका मुलीने मोठ्या हौसेने कोळी आणला. बाईंनी तिला त्याचे पाय मोजायला लावले. आठ भरले! कोळी कीटक नाही म्हणून त्याची परत पाठवणी झाली. "दोन पाय जास्त आहेत तर कौतुक करायचं सोडून हाकलतात," असं पुटपुटत ती मुलगी आठवडाभर फुगून बसली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई मला घरी न्यायच्या. सुतार माझ्यावरून हात फिरवायचा, कोपरे तपासायचा, पण आतल्या मंडळींत त्याला काडीचा रस नव्हता. "किडा तो किडा, त्याला एवढी नावं कशाला?" म्हणायचा. आणि एका संध्याकाळी हाच माणूस कामावरून आला तो ओंजळ झाकून. तो कामाला होता त्या कारखान्याच्या खिडकीत त्याला मेलेला चतुर सापडला होता, एक पंखही न मोडलेला. त्या दिवशी बाईंनी नवऱ्याचा तास घेतला. डोकं, वक्ष, उदर. तो शहाण्या मुलासारखा मागून म्हणत होता.

"केवढा डोळा हा!" तो म्हणाला.

"एक नाही तो. हजारो बारीक डोळे मिळून झालाय. संयुक्त डोळा म्हणतात."

"अरे बापरे. म्हणजे याच्यापासून काही लपवायची सोयच नाही."

बाई खूप हसल्या. मग त्याने कानावरची सुतारकामाची पेन्सिल काढली आणि जाड अक्षरात स्वतः चिठ्ठी लिहिली: 'चतुर. खिडकीत सापडला.' बाईंनी तो माझ्या अगदी मधोमध लावला.

पुढच्याच वर्षी सुतार गेला. सकाळी कामावर गेला होता, दुपारी छातीत कळ आली आणि तिथेच संपला. त्याने बनवलेल्या खुर्च्या, टेबलं, दारं लोकांच्या घरी गेली होती. बाईंजवळ त्याचं राहिलं ते एवढंच, मी आणि तो चतुर.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी शाळा सुटल्यावर बाई एकट्या थांबायच्या आणि माझ्या कोपऱ्यातल्या पुरचुंडीतल्या डांबरगोळ्या बदलायच्या. शिपायालाही हात लावू द्यायच्या नाहीत. झाकण लावण्याआधी चतुराला विचारायच्या, "काय, बरंय ना?" मी हे कितीतरी वर्षं ऐकलं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्या काचेला नाक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "पुसट दिसतोस रे." शेवटी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. दोन महिन्यांची रजा. जाताना चतुराला म्हणाल्या, "आले की तुला नीट बघते."

माझी जबाबदारी त्यांनी एका मुलीवर सोपवली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती. माझ्यासमोर मात्र तासन्‌तास बसायची. दर शुक्रवारी काच पुसायची. बाईंनी तिच्या हातात कागदाची पुडी दिली आणि म्हणाल्या, "जुन्या गोळ्या विरल्या की या ठेव. विसरू नकोस हं, भिंगरे." ती म्हणाली, "नाही विसरणार, बाई." आणि विसरली नाहीच ती. तिच्यावर विसरल्याचा आळ कुणी घेऊ नका.

झालं असं, की झाकणाची मखमल एका कोपऱ्यात झिजली होती. सुतार असता तर त्याच्या लगेच लक्षात आलं असतं. जुन्या गोळ्याही विरत आल्या होत्या. त्या फटीतून तिळाएवढा एक भुंगेरा आत आला आणि अंडी घालून गेला. थोड्या दिवसांनी माझ्या तळाशी एक बारीक, केसाळ, तपकिरी अळी चालू लागली. भिंगरीने ती पाहिली, आणि पोरीचा आनंद गगनात मावेना! बाईंनी रजेवर जायच्या आधीच तर शिकवलं होतं: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. माझ्यात फुलपाखरू होतं आणि आता अळीही होती. तिने मनातल्या मनात दोघांचं नातं लावून टाकलं. मेलेलं फुलपाखरू अंडी कशी घालेल, असं तिच्या मनात आलंही असेल. पण तिला ते हवं होतं हो!

डांबरगोळीच्या उग्र वासाने बाळ मरेल म्हणून तिने नव्या गोळ्या ठेवल्या नाहीत. उरलेल्या जुन्याही काढून टाकल्या. काचेला तोंड लावून मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. बाई आल्या की आपण गंमत दाखवू."

मला कुठलं तोंड सांगायला! आत काय चाललंय ते मला कळत होतं. एकीच्या चार अळ्या झाल्या, चाराच्या कितीतरी. त्या मधमाशीत खालून शिरल्या, नाकतोड्यात शिरल्या, आणि एके दिवशी चतुराच्या छातीत शिरल्या. वरून सगळं जसंच्या तसं दिसत होतं. आतून सगळे पोकळ होत होते. माझा जीव तुटत होता आणि भिंगरी वहीत लिहीत होती: 'अळीने कात टाकली. अळी वाढली. खाली भुकटी पडली आहे, ती तिची शी असावी.' तिच्या बाईंना अभिमान वाटावा अशी वही होती ती.

दोन महिन्यांनी बाई आल्या. डोळ्यांवर नेहमीचा चष्मा नव्हता. दारातूनच त्यांनी मला पाहिलं आणि भराभरा जवळ आल्या. भिंगरी शेजारी उभी, हसू दाबून. बाई काचेतून चतुराकडे बघत राहिल्या. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "पंखांतली रेघ न् रेघ दिसतेय." त्यांनी त्या रेघा मोजायला घेतल्या, आणि मोजता मोजता झाकण उचललं.

तेवढा हिसका पुरला. चतुराचं शरीर पिठासारखं खाली सांडलं. तीन पंख त्यातच चुरले. टाचणी रिकामी राहिली आणि तिच्या खाली, त्या जाड अक्षरातल्या चिठ्ठीवर, एकच पंख पडला.

"घाबरू नका बाई," भिंगरी टाळ्या वाजवत म्हणाली, "ती बघा बाळं! आपल्या फुलपाखराची!"

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा बघून भिंगरीच्या टाळ्या थांबल्या. "बाई, काय झालं? मी गोळ्या मुद्दाम काढल्या, त्यांना वास लागू नये म्हणून..." आणि बोलता बोलताच तिला उमगलं. ती जी रडायला लागली, ती मला आजही ऐकू येते. बाईंनी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांना ते जमलंच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुम्हाला फुलपाखराचीच अळी शिकवली. भुंगेऱ्यालाही अळी असते, हे सांगायचं राहून गेलं."

त्या आठवड्यात बाईंनी मला साफ केलं, आतून पोकळ झालेले बाकीचे कीटकही टाकून दिले. तळाशी त्या अळ्यांतून झालेला एक भुंगेरा मरून पडला होता. टाचणीने टोचण्याइतकाही मोठा नव्हता, म्हणून बाईंनी तो कागदाच्या चिमुकल्या तुकड्यावर गोंदाने चिकटवला आणि मधोमध, चतुराच्या जागी लावला. "चिठ्ठी तू लिही," त्या भिंगरीला म्हणाल्या. तिने लिहिलं: 'भुंगेरा. पेटीत सापडला.' जुनी चिठ्ठी आणि तो एक पंख बाईंनी चष्म्याच्या रिकाम्या घरात ठेवला. पुढच्या सत्रात त्या निवृत्त झाल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला काही जपायला दिलं, तर ते कशापासून जपायचं हेही विचारून घ्या. आणि मोठ्यांनो, तुम्ही ते न विचारता सांगा. वाईट मनाने माझं कुणीच काही केलं नाही. प्रेमानेच केलं सगळं, म्हणून तर मला कुणावर रागावताही येत नाही.

भिंगरी शाळा संपेपर्यंत दर शुक्रवारी येत राहिली. दर तीन महिन्यांनी डांबरगोळ्या बदलायची, न चुकता, आत जपण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. शेवटच्या दिवशी तिने काच पुसली, मधल्या त्या ठिपक्याएवढ्या भुंगेऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणायला लागली, "डोकं, वक्ष..." पुढचं तिला म्हणवलं नाही.

त्यानंतर गोळ्या बदलायला कुणी आलेलं नाही.