एक्केचाळीस झरे सांभाळणारी हार्ड डिस्क

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात चार स्क्रूंनी आवळून बसवलेली जुनी हार्ड डिस्क म्हणजे मी. तुम्ही पडद्याकडे पाहता, कीबोर्ड बडवता, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खरं तर सगळं लक्षात ठेवायचं काम माझं. मी रुसून बसले, तर हा दिमाखदार कॉम्प्युटर सुरूसुद्धा व्हायचा नाही. बढाई वाटेल तुम्हाला, पण खरं तेच सांगते आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. आणि नशिबाने मला आणून टाकलं ते हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, धनगरवाडीत. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की इथे दारात धुळीचा लोट उठतो. घरची सून रत्ना भोरला कॉम्प्युटर शिकली होती. वाडीतल्या लोकांचे अर्ज, दाखले ती माझ्यावरच करायची. "आमचा कॉम्प्युटर लई गुणाचा," असं ती चारचौघांत म्हणे तेव्हा माझी चकती आनंदाने गरगर फिरे.

पण माझ्याजवळचा खरा ठेवा निराळाच होता. रत्नाचे सासरे हैबतीबाबा यांनी उभा जन्म डोंगरात मेंढरं राखली. कुठल्या कपारीत पाणी आहे, ते कधी आटतं, वाट कुठून आहे, हे त्यांना तोंडपाठ. चार हिवाळे ते सांगत गेले आणि रत्ना टाइप करत गेली. असे एक्केचाळीस झरे माझ्यात जमले. उन्हाळ्यात वाडीची विहीर आटली की बायका रत्नाकडे येत आणि यादी पाहून पुढच्या झऱ्याला जात. गेल्या वर्षापासून मात्र बाबांना विसर पडू लागला. आधी झऱ्यांची नावं गेली, मग नातीचं. आता ते एक्केचाळीस झरे फक्त माझ्याकडे होते, आणि मीही म्हातारी झाले होते. कर्र कर्र आवाज करत होते.

म्हणून रत्नाने नवी हार्ड डिस्क मागवली. तिचा धाकटा भाऊ सोमनाथ याचं शिवऱ्याला हायवेलगत दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने डिस्क तपासली, तिचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडले आणि विंडोज टाकायच्या पेन ड्राइव्हसोबत ती एसटीने धाडून दिली. नवी डिस्क माझ्याच मापाची. आधी नवीवर विंडोज टाकायची आणि मग माझ्यातलं सगळं तिकडे उतरवून घ्यायचं, असं ठरलं.

रविवारी सकाळी रत्नाने डब्याचं झाकण काढलं. रेंज फक्त अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ. त्यामुळे ती बाहेर जाऊन सोमनाथला विचारी, आत येऊन करी, पुन्हा बाहेर पळे. फोन स्पीकरवर असल्याने मला दोघांचंही ऐकू येत होतं.

पहिल्यांदा पडद्यावर नवी डिस्क दिसेचना.

"तार ढिली असंल, ताई. दोनी काढ आन् परत घट बसव," सोमनाथ म्हणाला.

तारा दोन्ही लाल. बसवताना त्यांची अदलाबदल झाली. मला लगेच कळलं, पण सांगणार कुणाला?

आता पडद्यावर आम्ही दोघी दिसलो. एकीचा नंबर शून्य, दुसरीचा एक. आकार सारखाच, भागही दोघींना पाडलेले. रत्नाने एक नंबर निवडला, तर इथे विंडोज बसणार नाही, डिस्कची मांडणी चुकीची आहे, असा संदेश आला. ती बाहेर धावली.

"नवी दुसऱ्या खोबणीत लावलीस न्हवं? मंग एक नंबर नवीच," सोमनाथ म्हणाला. "तिच्याखालचं समदं डिलीट कर. मांडणी आपोआप नीट हुईल."

मित्रांनो, एक नंबर मी होते.

रत्ना आत आली. तिने डिलीटवर क्लिक केलं. यातली माहिती कायमची जाईल, अशी सूचना आली. मला दरदरून घाम फुटला असता, पण डिस्कला घाम येत नाही. झरे एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागले. रत्नाचा हात माऊसवर होता, पण बोट खाली जात नव्हतं.

"दोगी सारख्याच," ती पुटपुटली. "कंची जुनी आन् कंची नवी, कसं कळावं?"

हैबतीबाबा उंबऱ्याशी घोंगडीवर बसले होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण दोन सारख्या आणि एक ओळखायची, एवढं त्यांनी ऐकलं.

"मेंढरांस्नी औशिद पाजतानी काय करतो आपुन?" ते म्हणाले. "जिला हात लावायचा न्हाई, ती आदी वाड्याभाईर काढायची. मंग डोळं झाकून पाज."

रत्नाने सूचना रद्द केली, बटण बंद केलं आणि डब्यात हात घातला. पडद्यावर आम्ही सारख्या होतो, हातात नव्हतो. माझ्या अंगावर इतक्या वर्षांची धूळ होती. तिने माझी तार उपसली.

पुढचं मला ठाऊक नाही. तार काढली की मी मेल्यात जमा असते. नंतर रत्ना फोनवर सांगत होती त्यावरून कळलं, की नवीला एकटीलाच ठेवल्यावर डिलीट करून विंडोज सुरळीत बसली. फक्त पेन ड्राइव्ह काढायचा राहिल्याने विंडोज टाकण्याची गाडी एकदा पुन्हा पहिल्या पानावर गेली.

मला जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. यादी उघडली होती आणि रत्नाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मोठ्याने वाचू लागली, "गायधरीचा झरा, चैतापातूर पानी. उंबराखालचं टाकं, बारमाही. वाट डाव्या सोंडंनं."

बाबा मान डोलावत ऐकत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "कुनी सांगितलं गं तुला ह्ये?"

"तुमीच, मामंजी."

बाबांनी आपल्या डोक्यावर हात ठेवला. "मंग दोन जागी ठिव. म्या समदं येकाच जागी ठिवलं हुतं."

रत्नाने त्याच दिवशी यादी नव्या डिस्कवर उतरवली, एक प्रत सोमनाथला पाठवली आणि माझ्या पाठीवर मार्करने 'जुनी' असं लिहिलं.

मित्रांनो, मी फार दिवस चालेन असं वाटत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी डिस्क असेल, आणि उंबऱ्याशी कुणी हैबतीबाबाही बसलेले असतील. आमच्याजवळ आहे तोवर आमच्याकडून उतरवून घ्या. आजच घ्या.