बरणीतला शेवटचा डिंक

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं तरी कसं म्हणायचं? म्हाताऱ्या बाइंडरने ते दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांबरोबर वजनाखाली ठेवून दिलं होतं, जणू दाबून ठेवलं की तेही आपोआप सरळ होईल.

ताई, त्याची थोरली बहीण, रानाच्या कडेला एकटी राहायची. दरवर्षी झाडांचा डिंक वेचून त्याला धाडायची. त्याची निम्मी कारागिरी त्या डिंकाची होती, असं त्याला मनातून वाटायचं. या खेपेला पुडकं आलं नाही, नुसतं पत्र आलं.

'कसरीस आशीर्वाद,' असं तिने लिहिलं होतं. पुस्तकं खाणाऱ्या किड्याचं हे नाव तिने त्याला लहानपणीच चिकटवलं होतं. 'रान तोडलं. सरपण गेलं तेव्हा म्हटलं, विकत घेऊ. मध गेला तेव्हा म्हटलं, जीभ आवरू. आता झरा आटलाय. वाऱ्याला आडोसा नाही, धूळ थेट ताटात येते. तुझ्याकडे येऊ का? नको असेल तर तसं लिही, रागावणार नाही.'

घर मुलाचं, दोन खोल्यांचं. सुनेपुढे विषय काढायचा म्हटलं की बाइंडरच्या तोंडाला कुलूप लागायचं. तो उत्तर लिहायला बसायचा आणि कागद फाडून टाकायचा.

आज सून चहा घेऊन आली, तेव्हा तो बरणीचा तळ खरवडत होता.

"बाबा, बाजारात मिळतो की डिंक."

"त्याने पानं धरत नाहीत."

"मग आत्याबाईंना कळवा. यंदा पाठवला नाही का त्यांनी?"

त्याने वजन उचललं आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"हे कधीचं?"

"उन्हाळ्याच्या तोंडाचं."

"आणि तुम्ही गप्प?"

"तुला विचारायचं होतं."

"मग विचारलंत का? मी काय खाणार होते तुम्हाला?" ती स्टुलावर टेकली. तिचा आवाज उतरला. "अख्खा उन्हाळा गेला, बाबा. पाण्याचं काय केलं असेल त्यांनी?"

"जागा नाही गं," तो पुटपुटला.

"त्या पुस्तकांच्या थप्प्या हलवल्या की होते जागा. तुम्ही लिहा. आणि पाल्हाळ नको."

क्षमेची बरीच वाक्यं सुचली. प्रत्येक वाक्य त्याला खोटं वाटलं. शेवटी त्याने लिहिलं, 'ये. या पत्रापाठोपाठ मी न्यायला येतो.'

शेवटचा खडा भिजवून त्याने पाकीट चिकटवलं. डिंकात सालीचा एक बारीक तुकडा राहिला होता. त्या जागी पाकीट जरा फुगलं.

पत्र घ्यायला ताई दारात असेल का, हे विचारावं असं तिकडे त्याच्या ओळखीचं कोणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तो बराच वेळ थांबला. पाकीट बोटांना चिकटलं होतं. त्याने ते हळूच सोडवलं आणि आत टाकलं.