दादाची कवळी

"तोंड उघड, दादा. जेवताना उघडतोस तसं."

दादाने मुकाट्याने तोंड उघडलं. कवळीवाल्याने आत डोकावून नाक मुरडलं. त्याची उभी हयात लोकांसाठी दात करण्यात गेली होती. तोंडात पाहिलं की माणसाची लायकी कळते, असं त्याचं ठाम मत होतं, आणि बहुतेकांची ती फारशी नसायची. थोरल्या भावाची तर मुळीच नव्हती. मटण, कलेजी, बिअर, कशालाच नाही म्हटलं नव्हतं गड्याने. दात गेले, युरिक अ‍ॅसिड वाढलं, गाऊटने पायाचा अंगठा वांग्याएवढा सुजला, तरी जिभेला लगाम नाही. कवळीवाला स्वतः दोन घास कमीच खायचा आणि दादाबरोबर जेवायला बसायचं टाळायचा.

आणि गेल्या वर्षी हात कापायला लागला तो मात्र कवळीवाल्याचा. डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला.

दादा कुठूनसं वाचून आला. "अरे, युरिक अ‍ॅसिड जास्त असलं तर हा आजार कमी होतो म्हणे. मेंदूला राखतं ते."

"तुझ्या मेंदूला? राखण्यासारखं आहे काय तिथे?"

बोलायला बोलला, पण डोक्यात किडा शिरलाच. हात गेला तर मागे उरणार काय? तो गुपचूप खानावळीत जाऊन कलेजी गिळू लागला, वर बिअर. चव आवडली, याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

काही दिवसांनी त्याचाही अंगठा सुजून ठणकायला लागला. हाताचा कंप होता तसाच राहिला.

"युरिक अ‍ॅसिड जास्त असणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, हे खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण संशोधकांनी रुग्णांत औषधाने ते वाढवून पाहिलं, तरी आजार मंदावला नाही. तुम्ही आता दोन दुखणी घेऊन बसलात. कोणी सांगितलं हे?"

"भावाने. मूर्ख आहे."

मूर्ख कोण, हे घरी पोचेपर्यंत त्याला पुरतं कळलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने दादाची कवळी करायला घेतली. "तुला दात कशाला, आणखी खायला?" म्हणत इतकी वर्षं टाळलेली. हात साफ जायच्या आत तेवढी करायचीच होती. मेणात दात बसवताना चिमटा थरथरायला लागला, तेव्हा दादाने न विचारता त्याचं मनगट धरलं.

"हलू नकोस," कवळीवाला खेकसला. मनगट मात्र त्याने सोडवून घेतलं नाही.

तीच कवळी आता त्याने दादाच्या तोंडात बसवली. दादाने दोनदा दात मिटून पाहिले.

"झकास बसली."

बसली नव्हती. डावीकडे उचलली जात होती. दुसऱ्या कोणी असलं काम केलं असतं, तर कवळीवाल्याने चारचौघांत त्याची सालटी काढली असती. दादाने बशीतलं बिस्कीट उचललं आणि तो उजव्याच बाजूने चावत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय?"

"छे. तुझ्या हातची आहे."

दादाचा पाय स्टुलावर होता, त्याशेजारी कवळीवाल्याने आपलाही सुजका पाय टेकवला. मग दुसरं बिस्कीट चहात बुडवून मऊ केलं आणि, निम्मा चहा टेबलावर सांडत, दादाच्या तोंडापुढे धरलं, उजव्या बाजूने.