गादीतली गाठ

"इथे आहे गाठ," तो गादीवर पालथा पडूनच म्हणाला. "डाव्या अंगाला. बरगडीखाली टोचतेय."

हातात दाभण धरून बायको उभी होती. तिने एकदा गादीकडे पाहिलं, एकदा त्याच्या पाठीकडे. गादी लेकीच्या नव्या घरासाठी होती आणि तिचे टाके दुसऱ्यांदा उसवायची वेळ आली होती.

त्यांच्या गाद्यांच्या दुकानाची रीतच तशी होती. बायकोने खोळ शिवायची, त्याने कापूस पिंजून भरायचा, दोघांनी मिळून टाके घालायचे, आणि गादी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्याने तिच्यावर डोळे मिटून निजायचं. आधी उताणं, मग पालथं. बोटांना फसवता येतं, पाठपोटाला नाही, असं तो म्हणे. या माणसाने झोपा काढून संसार केला, अशी गल्लीत थट्टा व्हायची. तोही हसून म्हणायचा, देव ज्याला जे जमेल तेच काम देतो.

पण अलीकडे तो परीक्षेला म्हणून पडायचा आणि खरोखरच झोपून जायचा. जाग आली तरी उठावंसं वाटायचं नाही. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. आपणही त्यांतलेच एक आहोत, कुणीतरी हलक्या हाताने पिंजून सोडून दिलेले, असं त्याला वाटत राहायचं. त्यात दुःख नव्हतं. उलट बरंच वाटायचं, भजनात डुलकी लागते आणि टाळ दूरवरून ऐकू येतात तसं. सकाळी त्याची उशी ओली असे. बायको ती वाळत घालताना उकाड्याला नावं ठेवी. कमरेच्या पट्ट्याला त्याने दाभणाने नवं भोक पाडलं, तेव्हा लेक म्हणाली होती, बाबा, या वयात पुन्हा नवरदेव व्हायचंय की काय.

बायकोला मात्र वेगळीच काळजी खात होती. त्यांच्या घरात भांडण कधी तोंडाने झालंच नाही. तो रागावला की ताटात अन्न ठेवून उठे. ती काय ते समजे आणि दिवस मावळायच्या आत मिटवून टाके. आता कितीतरी दिवस तो चार घास खाऊन हात धुवत होता. पोट भरलं म्हणायचा. चार घासांनी कधी कुणाचं पोट भरलंय? आपलं काय चुकलं, ते ती ओट्याशी उभी राहून आठवत राही. विचारायची छाती होत नव्हती. विचारलं आणि खरंच काही निघालं तर? त्यात आता कापूसही तीच भरत होती, आणि तिच्या हातच्या गादीत गाठी निघू लागल्या.

तिने टाके उसवले. कापूस बाहेर काढून मुठीमुठीने मोकळा केला, पुन्हा भरला, पुन्हा शिवला. सगळी दुपार त्यात गेली. तो पुन्हा पालथा पडला.

"आहेच."

"माझ्या हाताचं तुम्हाला काहीच गोड लागेनासं झालंय," ती म्हणाली. "जेवण नको, गादी नको. एकदा सांगून तरी टाका हो, काय केलंय मी."

तो उठून बसला. तिचे डोळे भरलेले पाहून गडबडला. समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं. म्हणून त्याने धंद्यातलंच काय ते केलं: उशाकडे पाय केले आणि उलट्या दिशेने पालथा पडला. गादीतली गाठ असेल, तर ती आता उजवीकडे लागायला हवी.

टोचलं ते पुन्हा डावीकडेच.

"अगं," तो म्हणाला, "ती माझ्याबरोबर फिरली."

ती गुडघ्यांवर बसली. त्याला उताणा करून तिने सदऱ्यावरून हात फिरवला, भरलेल्या खोळीवरून फिरवावा तसा. डाव्या बरगडीखाली काहीतरी घट्ट दाटलेलं होतं, पार बेंबीच्या रोखाने आलेलं. तिने हात काढून घेतला नाही.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, त्यामुळे डाव्या बरगडीखालची प्लीहा सुजलीय आणि ती पोटाला दाबतेय, म्हणून चार घासांतच भरल्यासारखं होतं. थकवा, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, सगळं त्यातलंच. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही, दुसऱ्याच कशासाठी रक्त देतात आणि हे सापडतं. मग कमरेच्या हाडातून नमुना घेतला. त्याचा निकाल आला, तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काका, रक्ताचा कर्करोग आहे. पण हा सावकाश चालणारा. रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही. गोळी लागू पडली की माणसं वर्षानुवर्षं जगतात."

"म्हणजे खोळ तेवढीच," तो म्हणाला, "आणि कापूस जास्त."

बाई हसल्या. बायको हसली नाही. तिच्या मनात सगळ्यात आधी एकच आलं होतं, की हे रागावले नव्हते. देवाचे आभारही मानून झाले होते. मग बाकीचं उमगलं, आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली.

गादी लेकीकडे जायची त्या दिवशी तो बायकोला हाक मारून गादीशेजारी जमिनीवर बसला.

"आज तू नीज," म्हणाला. "माझ्या पोटाचा आता भरवसा नाही. आणि पुढेमागे कुणाला तरी हे काम यायला हवं."

‘पुढेमागे’ हा शब्द ऐकून ती त्याच्याकडे न बघता आडवी झाली. जन्मभर खोळी शिवल्या, पण दुकानातल्या गादीला तिने कधी पाठ टेकली नव्हती. तो हळू आवाजात सांगत राहिला. डोळे मीट. गाठ शोधायची नाही. नुसतं अंग सोडायचं. असली तर तीच येऊन सांगते.

"लागतंय काही?"

"नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "काहीच नाही."

मग तिचा श्वास संथ झाला. एक तंतू तरंगत येऊन तिच्या केसांवर बसला. त्याने तो काढला नाही. टेम्पोवाला दारातून हाक मारणार, तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. परीक्षा चालू आहे, असं खुणेनेच सांगितलं.

टेम्पोवाला पायरीवर बसून राहिला.